नवख्या क्वार्टरबॅकच्या पासवर किती भिस्त ठेवावी?

तीन_नद्यांकाठी

अमेरिकन फुटबॉलवर इथे फारसं लिहिलं जात नाही, पण अमेरिकेत राहणारे बरेच आयडी सप्टेंबर ते फेब्रुवारी आपले रविवार त्यालाच देतात हे गप्पांच्या पानावर दिसतं. म्हणून हा धागा काढतोय.

कॉलेजातून नुकताच आलेला, बावीस-तेवीस वर्षांचा क्वार्टरबॅक (खेळी सुरू करणारा आणि पास टाकणारा मुख्य खेळाडू) संघाच्या हाती लागतो. त्याच्या पासवर संघाने किती विसंबावं? रूढ उत्तर असं की विसंबू नये. चेंडू रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे) द्यावा, सामना बचावफळीने धरून ठेवावा, पोराने फक्त घोळ घालू नये म्हणजे झालं. पिट्सबर्गात तर हे लहानपणापासून पाजलं जातं.

माझं म्हणणं वेगळं आहे. किती पास टाकायला लावले हा प्रश्न गौण आहे. कुठल्या डाउनला टाकायला लावले, ते बघा.

खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चौथ्याला बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब उडवून देतात, म्हणजे हाताशी खरे तीनच. आता पहिल्या दोन डाउनला चेंडू पळवला आणि कसेबसे दोन-तीन यार्ड मिळाले, तर तिसऱ्याला सात-आठ यार्ड उरतात. आता पासच येणार हे वरच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकालाही ठाऊक असतं. समोरचे चार-पाच जण धावेची फिकीर न करता थेट क्वार्टरबॅकवर सुटतात, मागचे खेळाडू बरोबर त्या आठ यार्डांच्या रेषेवर टपून बसतात. ज्याला जपायचं म्हणून चेंडू पळवला, त्याच्याच वाट्याला सामन्यातला सगळ्यात अवघड पास येतो! पहिल्या डाउनला हेच उलटं असतं. धाव येईल की पास, हे समोरच्याला कळत नसतं. त्या क्षणभराच्या संभ्रमात पास टाकणं सर्वांत सोपं.

उदाहरण घरचंच देतो, पिट्सबर्ग स्टीलर्सचं. २००४ साली क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत अकराव्या क्रमांकावर निवडला गेला. आधीच्या क्वार्टरबॅकला, टॉमी मॅडॉक्सला, दुखापत झाली आणि पोरगा सीझनच्या सुरुवातीलाच मैदानात उतरला. नेहमीच्या सीझनमध्ये त्याने सुरुवात केलेले १३च्या १३ सामने संघ जिंकला, एकूण नोंद १५-१ (विजय-हार). त्या वर्षी स्टीलर्सनी ६१८ वेळा चेंडू पळवला आणि बेनने सबंध सीझनमध्ये २९५ पास टाकले. 'बघा, विसंबू नये तेच खरं' म्हणणारे आजही हेच वर्ष पुढे करतात. पण ते वर्ष संपलं कसं? एएफसीच्या (एनएफएल या लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात पेट्रियट्सनी ४१-२७ ने हरवलं. स्टीलर्स लवकर मागे पडले, मग पास टाकण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही, आणि बेनची तीन इंटरसेप्शन्स गेली, म्हणजे तीन पास समोरच्यांनी पकडले. त्यातलं एक पेट्रियट्सच्या रॉडनी हॅरिसनने थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे गोललाइनपलीकडे नेलं.

पुढच्या वर्षी त्याच कोचनी, त्याच पोराकडून काय करून घेतलं ते बघण्यासारखं आहे. प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) इंडियानापोलिसला आणि डेन्व्हरला, दोन्हीकडे परक्या मैदानावर, स्टीलर्सनी सामन्याची सुरुवातच पासने केली. इंडियानापोलिसला पहिल्या क्वार्टरमध्ये १४-०. डेन्व्हरला मध्यंतराला २४-३. आघाडी पासने मिळवली आणि मग घड्याळ संपवायला चेंडू पळवला. बेनचे एकूण पास काही डोंगराएवढे नव्हते, डेन्व्हरला २९ फक्त. पण ते योग्य वेळी आले.

आणि धाव म्हणजे बिनधोक, हेही खरं नाही. त्याच इंडियानापोलिसच्या सामन्यात, दीडेक मिनिट उरलेलं असताना, गोललाइनपासून दोन यार्डांवरून आमचा मुरलेला रनिंग बॅक जेरोम बेटिस याच्या हातून चेंडू सुटला. बेटिसच्या! कोल्ट्सचा (इंडियानापोलिसच्या संघाचा) निक हार्पर तो घेऊन पळत सुटला आणि सामना गेलाच होता. त्याला पाय धरून पाडलं कोणी? बेननेच.

---

मधुरा_कोथरूड

मी हा खेळ फक्त भावाकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा पाहिलाय, त्यामुळे बाळबोध प्रश्न. क्रिकेटमध्ये नव्या पोराला सातव्या नंबरवर पाठवतात, वरचे पाचसहा जण डाव उभा करतात, मग हळूहळू त्याला वर आणतात. तसं इथे का करत नाहीत? कमी महत्त्वाच्या जागेवर खेळवावं ना आधी.

---

तीन_नद्यांकाठी

मधुराताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, सगळा पेच तिथेच आहे. क्वार्टरबॅकला सातवा नंबरच नसतो. आपल्या संघाकडे चेंडू असताना जवळजवळ प्रत्येक खेळी त्याच्या हातून सुरू होते. त्यामुळे मार्ग दोनच: बाकावर बसवून शिकवायचं किंवा मैदानात उतरवून त्याच्या वाट्याला येणारे निर्णय सोपे करायचे.

बाकावर बसवणं पूर्वी सर्रास चालायचं. अ‍ॅरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फाव्हच्या मागे बसला. पॅट्रिक माहोम्सनेही २०१७ साली अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसून शेवटचा एकच सामना सुरू केला, आणि २०१८ मध्ये ५० टचडाउन पास टाकले. आता एवढा धीर कुणी धरत नाही, आणि त्यामागे पैसा आहे.

---

आकडेमोड

पैशाचं मी सांगतो. २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफोर्डला सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमीचे. २०११ मध्ये मालक आणि खेळाडू संघटनेचा नवा करार झाला, नवोदितांच्या पगारावर मर्यादा आली, आणि त्या वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २.२ कोटी मिळाले. एका वर्षात एवढी घसरण. म्हणजे नवा क्वार्टरबॅक चार वर्षं स्वस्तात मिळतो आणि वाचलेल्या पैशात बाकीचा संघ बांधता येतो. त्यातली दोन वर्षं बाकावर घालवली तर स्वस्ताईचा फायदाच संपला. म्हणून आजकाल जो तो पहिल्याच सप्टेंबरात पोराला उतरवतो.

दुसरं, प्ले-अ‍ॅक्शनबद्दल. धाव असल्याचं सोंग करून पास टाकतात, तो प्रकार. सगळे समालोचक सांगतात की आधी धाव 'प्रस्थापित' करावी लागते, मगच प्ले-अ‍ॅक्शन चालतं. प्रत्येक खेळीची नोंद आता सगळ्यांना खुली आहे आणि लोकांनी ते पुन्हा पुन्हा तपासलंय. ज्यांची धाव यथातथाच आहे अशा संघांनाही प्ले-अ‍ॅक्शनचा फायदा होतोच. लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या रांगेतल्या खेळाडूला) धावेसाठी झेपावायची सवय शाळेपासून लागलेली असते. आजच्या सामन्यात समोरच्याने दोनदा पळवला की वीसदा, याने ती सवय फारशी बदलत नाही. तेव्हा धागाकर्त्याच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन.

---

एडिसनचे_काका

मंडळी, वाचून बरं वाटलं, पण मी न्यूयॉर्क जेट्सवाला आहे आणि मला हे पटत नाही.

२००९. आमचा क्वार्टरबॅक मार्क सँचेझ, पाचव्या क्रमांकावर निवडलेला, पहिलं वर्ष. ऑक्टोबरात बफेलोविरुद्ध एका सामन्यात पाच इंटरसेप्शन्स. पाच! घरच्या मैदानावर, तेही ओव्हरटाइममध्ये १६-१३ अशी हार. मी स्टेडियमात होतो. शेवटी शेवटी लोक पास बघायलाच तयार नव्हते, चेंडू हातातून सुटला की आधीच कपाळाला हात. मग कोच रेक्स रायनने काय केलं? रंगांची पद्धत आणली. लाल म्हणजे जोखीम अजिबात नको, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे टाक बिनधास्त. सामन्याच्या स्थितीप्रमाणे पोराला सांगायचं, आत्ता कुठला रंग चालू आहे. लीगमध्ये सर्वाधिक धावयार्ड आमचे, सर्वोत्तम बचाव आमचा, आणि वर्षभरात १२ टचडाउन, २० इंटरसेप्शन टाकणारा मुलगा आम्हाला एएफसीच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. कारण त्याच्यावर कमी विसंबलो.

तुम्ही कितीही तक्ते मांडा, बाविशीतलं पोर घाबरतं. घाबरलं की पायावरचा तोल जातो आणि पास वर उडतो. चुकीचा पास म्हणजे चेंडू समोरच्याच्या हातात, आणि फुकटचे चाळीस यार्ड. धावेत फार तर एक यार्ड मागे जाल.

---

रानमोगरा

काका, तुमचा मुद्दा पुढे नेणारा सामना आमच्या बफेलोतच झाला. ६ डिसेंबर २०२१, सोमवारची रात्र. वारा एवढा की सरावात किक मारलेले चेंडू हवेतच वळत होते. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक मॅक जोन्स पहिल्या वर्षाचा, पंधराव्या क्रमांकावर आलेला. त्यांचा कोच बिल बेलिचिकने त्याला अख्ख्या सामन्यात फक्त तीन पास टाकू दिले. तीन. त्यातले दोन पूर्ण, १९ यार्ड. ४६ वेळा चेंडू पळवून २२२ यार्ड काढले आणि १४-१० ने आम्हाला आमच्याच घरात हरवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोंड दाखवायची सोय नव्हती.

पण जानेवारीत तेच दोन संघ प्लेऑफला भेटले. हाडं गोठवणारी थंडी, वारा मात्र नाही. आमचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनने २५ पैकी २१ पास पूर्ण केले, त्यात पाच टचडाउन. आम्ही सात वेळा चेंडू घेऊन निघालो आणि सातही वेळा टचडाउन करूनच थांबलो. एकही पंट (चौथ्या डाउनला चेंडू लाथेने उडवून देणं) नाही, एकही फील्ड गोल नाही. निकाल ४७-१७. वाऱ्यापुरती शोधलेली युक्ती सीझनभर पुरत नाही. धाडस करून सांगते, त्या दिवशी बेलिचिकने बरोबरच केलं होतं. पण तो हवामानाचा निर्णय होता, त्यावरून पोरांना कसं घडवावं याचा नियम काढता येत नाही.

आता अ‍ॅलनबद्दल. वायोमिंगमधून आला तेव्हा हात तोफेसारखा आणि पास कुठेही. पहिल्या वर्षी ५२.८ टक्के पास पूर्ण, दुसऱ्या वर्षी ५८.८. 'याला धावूच द्या' म्हणणारे आमच्या गल्लीत पैशाला पासरी होते. दुसऱ्या वर्षी ह्यूस्टनला प्लेऑफमध्ये १६-० आघाडी घेऊन २२-१९ ने हरलो, त्यात त्याने ऐन मोक्याला चेंडू मागे उभ्या सहकाऱ्याकडे भिरकावून दिला होता. मी टीव्ही बंद केला होता, खरंच. पण त्यानंतर संघाने त्याच्यावरचा भार कमी केला नाही. मार्चमध्ये मिनेसोटाहून रिसीव्हर (पास झेलणारा) स्टेफन डिग्जला आणलं आणि आक्रमणाचा कोच ब्रायन डेबोलने पहिल्या डाउनलाच पास टाकायचा सपाटा लावला. २०२० मध्ये ६९.२ टक्के, ३७ टचडाउन. दोन वर्षांत ५३ चे ६९ होणं या खेळात जवळजवळ ऐकिवात नाही.

---

ह्यूस्टनकर

सगळे क्वार्टरबॅक आणि कोचबद्दलच बोलताहेत. क्वार्टरबॅकला राखायला पुढे उभ्या असलेल्या पाच जाड्या गड्यांचं, म्हणजे लाइनचं, कोणी नाव घेत नाही.

टेक्सन्स २००२ साली नव्याने लीगमध्ये आले. पहिलीच निवड क्वार्टरबॅक डेव्हिड कार. पहिल्या सामन्यात डॅलसला १९-१० ने हरवलं, गाव आनंदाने वेडं झालं. त्या सीझनला कारला ७६ वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकायच्या आत पाडलं. ७६. हा आजही लीगचा विक्रम आहे. २००५ मध्ये पुन्हा ६८. मी तेव्हा विद्यार्थी होतो, स्वस्तातल्या तिकिटांवर वरच्या मजल्यावर बसायचो. तिथून एक गोष्ट स्पष्ट दिसायची जी टीव्हीवर दिसत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत कार चेंडू हातात आला की रिसीव्हरकडे बघायच्या आधी समोरच्या धावून येणाऱ्यांकडे बघायला लागला होता. नजर खाली. क्वार्टरबॅकची नजर एकदा खाली गेली की त्याच्या हाताला काही अर्थ उरत नाही. मैदानात कोण मोकळं आहे हे दिसणारच कसं?

म्हणून माझं उत्तर असं: लाइन चांगली असेल तर पहिल्या दिवसापासून टाकू द्या. नसेल तर पहिला डाउन काय आणि तिसरा काय.

---

तीन_नद्यांकाठी

@ह्यूस्टनकर, लाइनबद्दल मान्य. पण लाइन कच्ची असेल तेव्हा तर माझा मुद्दा जास्तच लागू होतो. कच्च्या लाइनला सर्वांत जड जातं ते तिसरा डाउन आणि नऊ यार्ड, कारण तेव्हा समोरचे धावेचा विचार सोडून कान टाकून धावतात. पहिल्या डाउनला, दोन पावलांत सुटणारा आखूड पास असेल, तर लाइनला जेमतेम दीड-दोन सेकंदच तग धरायचा असतो. एवढं कच्च्या लाइनलाही जमतं.

@एडिसनचे_काका, तुमचं ऐकताना मला २०१० च्या जानेवारीतला तो कोल्ट्सविरुद्धचा एएफसीचा अंतिम सामना आठवला. जेट्सनी दुसऱ्या क्वार्टरमध्ये १७-६ आघाडी घेतली होती. कशी घेतली? सँचेझने ब्रेलन एडवर्ड्सला टाकलेला ८० यार्डांचा पास, मग डस्टिन केलरला आणखी एक टचडाउन. दुसऱ्या अर्धात जेट्सचे गुण शून्य आणि ३०-१७ ने हार. आणि पुढच्या वर्षी सँचेझचे पास ३६४ वरून ५०० च्या पुढे गेले. तरी इंडियानापोलिसला कोल्ट्सच्या पेटन मॅनिंगला आणि फॉक्सबरोला पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीला, त्यांच्याच घरी हरवून तुम्ही पुन्हा एएफसीच्या अंतिम सामन्यात पोचलात. ब्रेडीविरुद्ध सँचेझचे तीन टचडाउन पास, इंटरसेप्शन एकही नाही.

---

एडिसनचे_काका

आकडे खरे आहेत. पण फॉक्सबरोच्या त्या दिवशी ब्रेडीला आमच्या बचावाने पाच वेळा पाडलं, तेही लिहा. सँचेझने टाकलेले पास सोपे होते कारण आम्ही मागे नव्हतो. बचाव भक्कम असला की पोराच्या खांद्यावर ओझं नसतं. माझं म्हणणं तेच.

---

आकडेमोड

काका, तुम्ही आणि धागाकर्ते फार लांब नाही आहात. मागे पडल्यावर नवखा क्वार्टरबॅक तारेल अशी आशा धरू नये, हे दोघांनाही मान्य. वाद आहे तो मागे पडू नये म्हणून काय करावं याचा.

रेव्हन्सचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन, त्याचं २०१९ चं वर्ष याला नेमकं लागू पडतं. रेव्हन्स १४-२, धावेचे ३,२९६ यार्ड, हा लीगचा विक्रम. लमार एकमताने एमव्हीपी (वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू), ३६ टचडाउन पास. त्याचा पास धावेच्या धाकावर चालायचा. प्लेऑफमध्ये टायटन्स लवकर पुढे गेले, धाक संपला, आणि लमारला ५९ पास टाकावे लागले. २८-१२ ने हरले. ५९ हा आकडा कोणी आखलेला नव्हता, तो परिस्थितीने लादला. लादलेले पास आणि आखलेले पास यांची गणती एकत्र करून 'पोरगा जास्त टाकतो तेव्हा संघ हरतो' असं म्हणणं ही सगळ्यात नेहमीची गफलत आहे. हरणारे संघ शेवटी पासच टाकतात. जिंकणारे शेवटी चेंडू पळवतात. कारण आणि परिणाम उलटे धरले जातात.

---

खाडीपलीकडचा

सॅन फ्रान्सिस्कोकडून थोडं. फोर्टीनायनर्सनी २०२१ ला क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी पहिल्या फेरीच्या निवडी ओतून तिसऱ्या क्रमांकावर त्याला घेतलं. कॉलेजात त्याचा पूर्ण खेळलेला सीझन एकच. पुढच्याच वर्षी ब्रॉक पर्डी आला, २६२ वा, म्हणजे निवडीत सर्वांत शेवटचा. कॉलेजात चार वर्षं सुरुवातीचा क्वार्टरबॅक. डिसेंबर २०२२ ला तेव्हाचा क्वार्टरबॅक गॅरोपोलो याचा पाय मोडल्यावर पर्डी उतरला आणि नेहमीच्या सीझनमधले उरलेले सगळे सामने संघ जिंकला. पुढच्या वर्षी सुपर बोल. लान्सला तोवर डॅलसला देऊन टाकलं होतं.

माझा मुद्दा एवढाच की 'नवखा' म्हणताना वय बघू नका, त्याने आजवर किती पास टाकलेत ते बघा. पर्डी नवखा नव्हताच. जेडेन डॅनियल्सही तसाच, कॉलेजात पाच वर्षं खेळून वॉशिंग्टनला आला. ४-१३ चा संघ पहिल्याच वर्षी १२-५ वर नेला.

---

तीन_नद्यांकाठी

खाडीपलीकडचा, हा मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा असा आहे, धन्यवाद. ज्याने कमी पास टाकलेत त्याला आणखी कमी टाकायला लावून तो शिकणार कसा, हा त्यातूनच निघणारा प्रश्न. पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये ५७५ पास टाकले आणि २८ इंटरसेप्शन्स दिली, नवोदितांमधला तो नकोसा विक्रम. संघ ३-१३. पुढच्या वर्षी १३-३.

मला सर्वांत जास्त शिकवून जातं ते जॅरेड गॉफचं प्रकरण. २०१६ चा पहिला क्रमांक. पहिल्या वर्षी रॅम्सकडून सात सामने सुरू केले, सातही हरला. ५ टचडाउन, ७ इंटरसेप्शन्स. वर्तमानपत्रांनी त्याला निकालात काढलं होतं. २०१७ ला नवा कोच शॉन मॅकव्हे आला. तोच गॉफ, तोच रनिंग बॅक टॉड गर्ली मागे. २८ टचडाउन, ७ इंटरसेप्शन्स, आणि रॅम्स लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा संघ.

मॅकव्हेने काय बदललं ते बारकाईने बघा. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, पण खेळीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. बहुतेक संघ तोवर हडलमध्येच (खेळी ठरवायला केलेल्या घोळक्यात) असतात. मॅकव्हे सगळ्यांना घाईने रेषेवर नेऊन उभं करायचा. म्हणजे समोरचा बचाव रचला जात असताना त्याचा आवाज अजून गॉफच्या कानात असायचा: बघ, डावीकडचा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) पुढे आलाय. शिवाय पहिल्या डाउनला भरपूर प्ले-अ‍ॅक्शन, त्यातही बूटलेग. बूटलेगमध्ये क्वार्टरबॅक धावेच्या उलट्या बाजूला पळत सुटतो, त्यामुळे त्याला अर्धंच मैदान वाचायचं असतं. एक लांबचा, एक मधला, एक जवळचा, तिघंही एकाच नजरेच्या टप्प्यात. गॉफवर भरवसा कमी ठेवलेला नव्हता. त्याला वाचायचं तेवढं कमी दिलं होतं.

---

शुक्रवारची_मॅच

मी या धाग्याची शांतपणे वाट बघत होते म्हणा ना. ओहायोत राहतो, मुलगा दहावीत, शाळेच्या ज्युनिअर संघात क्वार्टरबॅक. इथल्या देशी घरांत हे फार दिसत नाही, त्याचे आजीआजोबा नाशिकहून फोन करून दर वेळी 'लागत तर नाही ना रे' एवढंच विचारतात.

तुम्ही लिहिलेलं अगदी तसंच आमच्याकडे चालतं. परवा बारीक पाऊस होता. त्याच्या मनगटावर खेळींची चिठ्ठी असते, प्लास्टिकच्या खिशात, ती ओली होऊन धूसर झालेली. चेंडू तो सारखा कमरेच्या टॉवेलला पुसत होता. पहिला डाउन धाव, दुसरा डाउन धाव, मग तिसऱ्याला नऊ यार्ड. दर वेळी हेच. कोच बाहेरून ओरडणार, 'वेळ घे!' वेळ कुठून घेणार, चार मुलं अंगावर. त्याने चेंडू रुंद बाजूच्या रिसीव्हरकडे टाकला, तो तरंगत गेला आणि समोरच्याने आरामात पकडला. घरी येताना गाडीत एकच वाक्य बोलला, 'आई, मला फक्त अवघडच पास टाकायला मिळतात.'

कोचना काही सांगायला जाणं बरं दिसत नाही. पण मुलाला काय सांगू?

---

तीन_नद्यांकाठी

ताई, मुलाने या धाग्याचं सार तुमच्या गाडीत सांगितलं की हो.

रुंद बाजूच्या पासबद्दल आधी सांगतो, कारण ते शाळेच्या मैदानाचं खास आहे. चेंडू ज्या दोन तुटक रेषांच्या आत ठेवतात, त्या हॅश मार्क. व्यावसायिक मैदानात त्या जवळजवळ आहेत, साडेअठरा फूट. शाळेच्या मैदानात मात्र त्या मैदानाचे तीन सारखे भाग करतात, मधलं अंतर ५३ फुटांच्या वर. म्हणजे चेंडू उजव्या हॅशवर असेल आणि डाव्या कडेला पास टाकायचा असेल, तर दिसायला दहा यार्डांचा पास हवेत तीसेक यार्ड जातो. पंधरा-सोळा वर्षांच्या हाताचा तो पास तरंगणारच, ओल्या चेंडूने तर नक्कीच. त्याला सांगा, अरुंद बाजूचा रिसीव्हर आधी बघ. तिथे पास छोटा आणि थेट असतो.

कोचशी तुम्ही बोलू नका, मुलाने बोलावं. 'मला जास्त पास द्या' असं नाही. कोचला ते कधीच आवडत नाही. 'पहिल्या डाउनला आपल्याकडे बूटलेग आहे का, मी सरावात करून दाखवतो' असं. ठरावीक एक खेळी मागितली तर बरेच कोच ऐकतात.

---

ह्यूस्टनकर

ताई, आणखी एक. नजर. घरी सराव करताना वडील किंवा भावाला समोरून अंगावर धावून यायला सांगा, हातात उशी घेऊन. त्याने त्यांच्याकडे न बघता लांबच्या माणसाची बोटं किती ते सांगायचं. कारच्या बाबतीत जे झालं ते सोळाव्या वर्षीच टाळता येतं.

---

शुक्रवारची_मॅच

उशीची कल्पना धाकट्या भावाला फारच आवडली आहे, आजपासून सुरू. हॅशचं ऐकल्यावर मुलाने लगेच मागच्या सामन्याचा व्हिडिओ लावला आणि त्याची दोन्ही इंटरसेप्शन्स रुंद बाजूलाच गेली होती. आता तो बुधवारी कोचला भेटणार आहे. बूटलेग त्यांच्या वहीत आहे म्हणे, वापरत नाहीत.

---

एडिसनचे_काका

पोराला माझ्याकडून शुभेच्छा. मी पळवापळवीचा माणूस, तरी सांगतो: पुन्हा पाऊस असेल तर स्नॅप (सेंटर म्हणजे लाइनमधला मधला गडी मागे देतो तो चेंडू) लांबून घेऊ नकोस म्हणावं, सेंटरच्या मागे हात लावूनच घे. ओला चेंडू हवेतून आला की पकडण्यातच अर्धा सेकंद आणि नजर, दोन्ही जातात. आणि टॉवेल दोन ठेवायचे, एक बाजूला कोरडा, प्रत्येक टाइमआउटला बदलायचा. बुधवारी कोच काय म्हणाले ते इथे जरूर कळवा.